मशीन अडखळलं ती पानं

मी मुळातच जळकी. घरातल्या पोराबाळांनाही हे ठाऊक आहे आणि आता या वयात मी ते लपवतही नाही. लोकांची उगाच एक समजूत असते, की डोळ्यांनी दिसत नाही म्हणजे हे माणूस सोसून सोसून शहाणं झालेलं असणार, त्याच्या मनात कुणाबद्दल वाकडं म्हणून येतच नसणार. बँकेत टेलिफोनवर बसून मी नोकरीची सगळी वर्षं काढली. तिथं नवा येणारा प्रत्येक साहेब पहिल्याच आठवड्यात मला म्हणायचा, "इंदूताई, तुमच्याकडं बघितलं की किती शांत वाटतं हो." शांत कसलं डोंबलाचं! त्याच घडीला माझ्या मनात चाललेलं असायचं, की पलीकडच्या काउंटरवरच्या बाईला नवा पंखा मिळाला, मग मलाच का तो खडखडणारा जुना. लहानपणी ताटात भाकरी पडली की मी आधी भावाच्या ताटात हात घालून त्याची भाकरी चाचपून बघायचे, मोठी तर नाही ना म्हणून. तेव्हापासूनचं हे आहे. पण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते त्या साली माझा जळफळाट अगदी टोकाला गेला, आणि त्याच साली मला अशी एक गोष्ट मिळाली जी त्याआधी कुणी कधी दिली नव्हती. ती सांगायला बसले आहे.

तेव्हा आम्ही उस्मानपुऱ्यात मागच्या एका गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. आबा मूळचे गंगापूरकडचे, मेंढरांमागं हिंडण्यात त्यांची तरणी वर्षं गेलेली. शहराभोवती कारखाने उभे राहायला लागले तसं त्यांनी मेंढरं चुलत्याच्या हवाली केली आणि चिकलठाण्याच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून चिकटले. पण झोपेत अजून ते "हुर्र, हुर्र" करून कळप वळवायचे आणि आई कूस बदलता बदलता म्हणायची, "पडा आता गप. सगळी कोंडली मेंढरं." सकाळच्या पाळीला कंपनीची बस मोठ्या रस्त्यावर येऊन हॉर्न द्यायची, की आबा एक पाय चपलेत आणि एक उंबऱ्यात असे धावायचे. संध्याकाळी ते आले की कंपनीच्या तेलाचा वास यायचा, आणि त्याखाली घोंगडीचा जुना वास, तो काही केल्या गेला नाही. दादा, म्हणजे माझा भाऊ, वाळूजला नवीन लागला होता. आई दिवसभर चुलीपुढं. आमटीला लागणारी येसर ती घरीच करायची, ज्वारी, हरभरा, धणे, मिरच्या सगळं एकेक करून तव्यावर भाजायची, आणि त्या दिवशी गल्लीतलं येणारंजाणारं प्रत्येक माणूस शिंकत जायचं. माझे डोळे गोवरात गेले ते अगदी लहानपणी. घर मला आवाजानं आणि वासानंच ठाऊक आहे, आणि खरं सांगते, ते मला कधी कमी वाटलं नाही. कमी वाटायचं ते पुस्तकाच्या बाबतीत.

वहिनी आमच्या घरात आली सोयगावहून. बारावी झालेली, इंग्रजीत वर्गात कायम पहिली. कॉलेजात घालू असं लग्न ठरताना आबांनी कबूल केलं होतं. अक्षता पडल्यावर त्या गोष्टीचं नाव कुणी काढलं नाही, आणि तिनंही आठवण करून दिली नाही. तिचं नि माझं वय जवळजवळ सारखंच. आईसमोर ती मला "ताई, तुम्ही" म्हणायची आणि आई पाण्याला गेली की "इंदे, ऐक ना." आल्यावर महिनाभरात माझं वाचून दाखवायचं काम तिच्याकडं आलं, ते कुणी दिलं म्हणून नाही, तिनं ओढून घेतलं म्हणून. पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवायचं, एका हातात पळी, दुसऱ्या हातानं पान उलटायचं, आणि आमटीला उकळी येईस्तोवर इंग्रजी साहित्य. तिच्या अंबाड्यात पेन्सिल खोवलेली असायची. अवघड शब्द आला की दादाची शाळेतली डिक्शनरी काढायची, अर्थ बघायचा, ओळीच्या वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात मराठीत लिहायचा, आणि मग पुढं. पेन्सिलीचा तो खरखर आवाज झाला की मला कळायचं, आता थांबायचं आहे. पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीचं, त्यावर लिहू नये वगैरे आमच्या डोक्यात कधी आलं नाही.

त्या वर्षी आम्हाला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी लावलेली होती. समुद्रकाठच्या गावातली एक बाई, नवरा बुडून मेलेला, आणि सगळा गाव नाक मुरडत असताना ती नवऱ्याचं सुतारकामाचं दुकान स्वतः चालवायला घेते. वहिनी ती अशी वाचायची, की सोयगावच्याच कुठल्या तरी बाईची गोष्ट चालली आहे असं वाटावं. इंग्रजी वाक्य वाचायची आणि लगेच, "म्हंजे बघ, दीर आला तिचा दुकानात. आला तो आला, आणि गल्ल्यावरच बसला की गं!" ऐन रंगात आलं की "अगं बया!" म्हणून पुस्तक मिटायची. मी चिडायचे. "पुढं काय झालं?" तर म्हणायची, "मला काय म्हाईत? मी तरी कुठं वाचलंय? उद्या बघू दोघी मिळून." तेवढ्यावर मी झोपायचे. मला एक बरं वाटायचं, की निदान या एका पुस्तकात तरी ती माझ्या पुढं नाही. बाकी सगळ्यांना सगळं माझ्या आधी दिसायचं, रस्त्यातला खड्डा, पाहुण्यांच्या हातातली पिशवी, नवी साडी. इथं आम्ही दोघी एकाच ओळीवर उभ्या होतो.

मग वहिनीला दिवस गेले. सगळं घर आनंदात आणि मी मनात आकडेमोड करत होते. सातवा लागला की ती बाळंतपणाला सोयगावला जाणार, परत येणार ते लेकरू घेऊन, आणि माझी परीक्षा नेमकी त्या मधल्या काळात. कादंबरी निम्मी राहिलेली, शिवाय दोन पेपरांची पुस्तकं उघडलीसुद्धा नव्हती. कॉलेजातल्या मैत्रिणी आपापल्या अभ्यासात. परीक्षेच्या तोंडावर कोण कुणाला वाचून दाखवतं? बी.ए. राहिलं तर आई मला शिवणाच्या नाहीतर खुर्च्या विणायच्या वर्गात घालणार हे ठरलेलं होतं. मला खुर्च्या विणायच्या नव्हत्या.

आणि तेव्हाच ते मशीन आलं. आमच्या घरापासून चालत जाण्याजोगं अंधांसाठीचं एक लहानसं केंद्र होतं, तिथं आम्ही ब्रेल आणि टायपिंग शिकायचो. एका कंपनीनं तिथं कॉम्प्युटर दिला, आणि त्याच्यासोबत छापील पान वाचून दाखवणारं यंत्र. ते बसवलं त्या दिवशी दारात नारळ फुटला, मशीनला हार घातला, कुंकू लावलं, आणि चपला बाहेर काढून आत जायचं असा नियम झाला. त्या खोलीत एसी होता. पायाला गार फरशी लागली की मी देवळात आल्यासारखी हात जोडायचे, सवयीनं. केंद्राचे गायकवाड सर, तेच मशीन चालवायला शिकून आलेले, मोठ्या हौसेनं समजावून सांगायचे. झाकण उचलायचं, पुस्तक उघडून पालथं काचेवर ठेवायचं, झाकण दाबून धरायचं, कळ दाबायची. आत काहीतरी घुर्र करत या टोकापासून त्या टोकाला सरकत जायचं. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग डब्यातून एक परदेशी बाप्या नाकात बोलायला लागायचा. त्याला फक्त इंग्रजी यायचं. कुणीतरी गंमत म्हणून मराठी वर्तमानपत्र ठेवलं, तर त्यानं असा काही गोंधळ घातला की सगळे हसून हसून बेजार. मी हसले नाही. मी ऐकत होते. त्या बाप्याला कंटाळा येत नव्हता. त्याच्या चुलीवर काही करपत नव्हतं. तो "आता पुरे, उद्या" म्हणत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा पान आणि मी, मध्ये कुणी माणूस नाही.

आज माझा फोन मला विजेचं बिल वाचून दाखवतो, औषधाच्या बाटलीवरचं वाचतो, तेही मराठीत, तेही फुकट, आणि नातू म्हणतो, "आजी, त्यात काय एवढं!" त्याला कसं सांगू, की तेव्हा त्या एका मशीनसाठी आम्ही सगळे किती हपापलेले होतो. मशीन एक. आणि त्यावर रोज दुपारी बसायची अनघा.

अनघाबद्दल आधी हे सांगते, की ती वाईट नव्हती. ती वाईट असती तर माझं काम किती सोपं झालं असतं! तिचे आजोबा पूजा सांगायचे, आणि आता घरातले सगळे इंजिनिअर, प्रोफेसर. वडील त्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, ज्या कंपनीनं मशीन दिलं. ती जन्मापासून अंध, पण तिला लहानपणापासून आई वाचून दाखवायची, मावशी कॅसेट भरून पाठवायची, सुट्टीत ती मुंबईला जाऊन कॉम्प्युटर शिकून आली होती. म्हणून सरांनी रोजची दुपार तिला दिली, आणि आम्हा बाकीच्यांना शनिवारी पाळीपाळीनं अर्धा तास. अर्ध्या तासात काय होतंय? राहिलेल्या पेपरांच्या पुस्तकातली दोन पानं वाचून होईस्तोवर पुढचा दार वाजवायचा. अनघा आली की पावडरचा मंद वास यायचा आणि तिच्या बोटांचा कळफलकावरचा आवाज, न थांबता, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. मी मुद्दाम दाराबाहेर बसून तो ऐकायचे आणि माझं पोट दुखायचं. एकदा तिनं बाहेर येऊन माझा हात धरला आणि म्हणाली, "इंदू, तुला हवं असेल तर माझ्यातली पंधरा मिनिटं घे ना रोज." "नको," मी म्हणाले, "मला वहिनी वाचून दाखवते." आणि रस्ताभर स्वतःला शिव्या घालत घरी आले. तिच्यातली घे म्हणे! तिची कधीपासून झाली ती?

घरी मी वहिनीला मशीनचं सगळं सांगायचे. ती भाकरी थापता थापता खोदून खोदून विचारायची. "पान उलटायला लागतं का त्याला? अर्थ सांगतं का? थांबतं का मधी?" मी म्हणायचे, "नाही गं, थांबत नाही. नवरा बुडाला काय आणि दुकानातले खिळे संपले काय, त्याला दोन्ही सारखंच असणार." ती हसायची. मग म्हणायची, "पर एकटं वाचता येतं." मी म्हणायचे, "तेच तर." पुढं ती नुसती भाकरी थापायची. मला वाटायचं, बरं झालं म्हणत असेल मनात, हिची एक कटकट गेली.

त्या दिवसांत शहरात दुसराच विषय होता. विद्यापीठाचं नामांतर होणार की नाही, हा वाद माझ्या लहानपणापासून चाललेला. त्यापायी खेड्यापाड्यांत घरं जळलेली, माणसं मेलेली. आता निर्णय आज होतो, उद्या होतो, असं चाललं होतं. चहाच्या टपरीवर माणसं एकदम हळू बोलायला लागायची आणि कुणी ओळखीचं आलं की विषय बदलायची. एके दिवशी सकाळी बातमी फिरली की आज नक्की. दुकानांची शटरं उघडलीच नाहीत. कंपनीची बस आली नाही, आबा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिले. रस्त्यावर रिक्षा नाही, भाजीवाला नाही, इतकी शांतता की लांबची पोलिसांची गाडी घरात ऐकू यायची. सगळं शहर धास्तावलेलं, आणि माझ्या डोक्यात एकच: आज अनघा येणार नाही. तिचे वडील अशा दिवशी तिला घराबाहेर पाय टाकू देणार नाहीत. आज मशीन रिकामं आहे!

"मी केंद्रात जाते," मी म्हणाले.

आबा म्हणाले, "येड लागलं का तुला? आज कुत्रं नाय रस्त्यावर."

"म्हणून तर जाते."

मी रडले, भांडले, पुस्तक छातीशी धरून दारात उभी राहिले. शेवटी वहिनीच म्हणाली, "मी नेते त्यांना. मागच्या बोळातनं जाऊ. जवळच तर हाय." आई ओरडली, "अगं, सातवा लागंल आता तुला, कुठं निघालीस?" पण वहिनीनं तोवर चपला घातल्या होत्या. तिच्या खांद्यावर हात ठेवून मी निघाले. बोळाच्या तोंडाशी एक पोरगा म्हणाला, "बाजी, उधर से नक्को जाओ, आगे टायर जलारे," तसं आम्ही वळून मशिदीच्या मागनं गेलो. जळक्या रबराचा वास येत होता. वहिनीचा श्वास लागला होता, तरी ती पावलं भराभर टाकत होती. मी मात्र मनात पानं मोजत होते, आज किती होतील.

गायकवाड सर केंद्राच्या मागच्याच खोल्यांत राहायचे. त्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात रेडिओ चालू होता. "इंदू? अगं, आख्खं शहर कडी लावून बसलंय आणि तू इथं?"

"अनघा येणार नाही ना सर?"

ते हसले. "न्हाई येत. फोन आला होता."

"मग मला बसू द्या."

"बस की. मला तरी कुठं झोप लागणार हाय आज? तरणा होतो तवा ह्या नावापायी लाठ्या खाल्ल्या. आता पोरगं कॉलेजात गेलं. बघू काय म्हणत्यात." त्यांच्या आवाजात कंप होता, मला तो स्पष्ट आठवतो. पण तेव्हा मी तिकडं लक्ष दिलं नाही. सरांच्या बायकोनं वहिनीला आत बोलावून नेलं, "ये बाई, बूड टेक जरा, अशा अवस्थेत कुणी बाहेर पडतं का?" आणि मी चपला काढून गार फरशीवरून मशीनपर्यंत गेले. अनघाची खुर्ची उंच केलेली होती. ती मी खाली केली.

वहिनीनं जिथं थांबवलं होतं तिथं मी दोरा घालून ठेवला होता. पान उघडून काचेवर ठेवलं, झाकण दाबलं, कळ दाबली. घुर्र झालं. वाट बघितली. बाप्या बोलायला लागला. पहिली ओळ नीट आली. दुसरीत अडखळला, आणि मग त्याच्या तोंडून नुसता भुस्सा. सुटी अक्षरं, आकडे, अर्धे शब्द, मध्येच एक धड वाक्य आणि परत भुस्सा. मला वाटलं, पुस्तक उलटं ठेवलं. फिरवून ठेवलं, तर एकही शब्द धड नाही. परत सरळ केलं, झाकणावर कोपरानं जोर दिला. तेच. एवढा एक दिवस मिळाला आणि मशीन बिघडलं? सरांना हाक मारली. त्यांनी मशीनसोबत आलेलं माहितीपुस्तक काचेवर ठेवलं, तर बाप्या घडाघडा वाचत सुटला. म्हणजे मशीन ठीक होतं. खोट माझ्या पुस्तकात होती. मी चार पानं सोडून पुढचं ठेवलं. भुस्सा. आणखी एक प्रकरण सोडून ठेवलं. भुस्सा.

सरांनी पुस्तक खिडकीशी नेलं. "अगं, ह्यात ओळींच्या मधी पेन्सिलीनं लिहिलंय की. बारीक, मराठीत. शब्दांचे अर्थ हायेत. मशीनला वाटतंय हीबी छापलेलीच ओळ हाय, मग ते गडबडतंय."

"ते वहिनी लिहिते," मी म्हणाले. "पण ते मागच्या पानांवर. आमचं वाचून झालंय त्या पानांवर. इथं कसं असेल? इथपर्यंत तर आम्ही आलोच नाही."

पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

"कुठपर्यंत आहे सर?"

"शेवटपर्यंत," ते म्हणाले. "शेवटच्या पानावर पण हाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. वहिनीनं पुस्तक संपवलं होतं. कधीच संपवलं होतं! आणि रोज माझ्यापुढं नुसतीच पेन्सिल खरखरवत होती, "अगं बया" म्हणून दचकत होती, "मला काय म्हाईत" म्हणत होती, दोघी मिळून बघू म्हणत होती. त्या दुकानाचं काय झालं, दीर जिंकला की ती जिंकली, हे तिला ठाऊक होतं आणि तिच्या पोटात ठेवून ती मला रोज एक घास भरवत होती. अनघाला मशीन मिळालं त्याचं मला इतकं लागलं नव्हतं. अनघा पुढं असणार हे मी धरूनच चालले होते. पण चुलीपुढं, पिठाच्या डब्याशेजारी, जिथं मी एका माणसाच्या तरी बरोबरीनं होते, तिथंही मी मागंच होते, आणि मला ते सांगितलंसुद्धा नव्हतं.

"हे खोडता येईल का?" मी विचारलं.

"रबर हाय की. पण लई पानं हायेत."

"खोडा सर. आहे तेवढं खोडा."

सर खोडायला बसले. रबराचा कचकच आवाज, मग फुंकर, मग पुढची ओळ. एक पान झालं असेल नसेल, दार वाजलं आणि चहाचा वास आत आला. वहिनी चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली. तिला सगळं दिसलंच असणार. बशी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "तुम्हाला न्हाई जमायचं सर. पान चुरगळतंय. आणा इकडं."

सरांनी रबर दिलं आणि रेडिओ घेऊन ते बाहेर गेले. वहिनी खोडायला लागली. तिच्या बांगड्या टेबलाच्या कडेवर आपटत होत्या, एका लयीत. ती हळूहळू खोडत होती, कागदाला जरासुद्धा धक्का न लावता.

"कधी वाचलंस?" मी विचारलं.

"दुपारचं. तुम्ही कॉलेजात जाता तवा." मला 'तुम्ही' म्हणाली, खोलीत आम्ही दोघीच असताना.

"मला म्हणायचीस, मला काय म्हाईत."

"व्हय. खोटं बोलायचे."

"का?"

बांगड्या थांबल्या नाहीत. "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणला असता, पुढचं सांग. मग तेबी तुमचंच झालं असतं. ह्या घरात मी वाचते ते तुमच्यासाठी. आत्याबाईंना तसंच वाटतं, ह्यांनाबी तसंच वाटतं, म्हणून तर वाचू देत्यात. माझ्यासाठी वाचते म्हणले असते, तर घटकाभर तरी कुणी बसू दिलं असतं का?" तिनं फुंकर मारली. "एवढं एक पुस्तक माझं मी वाचलं. आता खोडते. तुमच्या मशीनला अडचण नको."

राग तसाच होता, पण त्याला धरायला जागा सापडेना.

"मी सोयगावला जाईन," ती म्हणाली. "येईन तवा तुम्ही बी.ए. झालेल्या असाल. मशीन हाय आता, होणारच. मग मी कुणाच्या नावानं पुस्तक उघडू, सांगा? गल्लीतल्या बाया मला म्हणत्यात, नणंद आंधळी, तिचं सगळं बघावं लागतं, बिचारी तू. मी नुसती मान हलवते. खरं सांगू का? मला तुमचा हेवा वाटतो. लई वाटतो. तुम्हाला दिसत न्हाई, तर सगळी दुनिया तुम्हाला शिकवायला बसलीय. कंपनी मशीन देती, सर शिकवत्यात, मी वाचते. मला चांगले दोन डोळे हायेत, आणि मला कुणी इचारलं न्हाई, बाई, तुला शिकायचंय का म्हणून."

बाहेर सरांच्या रेडिओवर कुणीतरी बोलत होतं, आणि मी खुर्चीत ताठ बसले होते. तिथं मला तिची दया यायला हवी होती, असं आता सगळे म्हणतील. माझी मुलगीही हेच म्हणते. पण झालं ते सांगते. मला जन्मभर माया मिळाली, कीव मिळाली, देवळाच्या पायरीवर कुणी कुणी हातात नाणी ठेवली, शेजारणींनी डोक्यावरून हात फिरवून "देवानं असं करायला नको होतं" म्हटलं. पण मत्सर? माझा? मी सगळ्यांचा करायचे, अनघाचा, दादाच्या भाकरीचा, रस्त्यानं एकट्या जाणाऱ्या प्रत्येक पोरीचा. ज्याच्याकडं काही असतं त्याचाच हेवा होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी हात लांब करून तिची बांगड्यांची मनगटं धरली.

"वहिनी, परत म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते. हेवा वाटतो म्हणून."

"डोस्कं फिरलंय का तुझं?"

"म्हण ना गं. एकदा."

तिनं रबर टेबलावर ठेवलं.

"वाटतो हेवा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "जळते मी तुझ्यावर, इंदे."

मी तिची मनगटं सोडली नाहीत. मला रडू येत होतं आणि मी हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळत होतं.